म्हातारीच्या अंगावरचा रंग

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो, म्हणजे नंतर वाद नको. माझे बॉयलर ठणठणीत होते. म्हातारी कमी धावली त्यात माझ्या बॉयलरांचा काडीचाही दोष नव्हता, आणि ज्यांनी ज्यांनी तसं म्हटलं त्यांना मी अजून विसरलेलो नाही.

म्हातारी म्हणजे आमची विनाशिका. लांब, चिंचोळी, दोन धुराड्यांची लढाऊ बोट. ऐन लढाईत पाण्यात उतरली तेव्हा सगळे तिला पोरगी म्हणायचे. लढाईत तिनं मालबोटींचे काफिले सांभाळले, पाणबुड्या हुसकून लावल्या, एकदा तर नाक फुटल्यावर उलटी चालत बंदरात आली. लढाई संपल्यावर भूकंप झालेल्या बेटांवर धान्य पोचवलं, तस्करांच्या मागे धावली, नव्या भरतीला समुद्र शिकवला. मग कधीतरी कुणीतरी तिला म्हातारी म्हणालं आणि तेच चिकटलं. मी पहिल्या दिवसापासून तिच्यावर. बॉयलरखान्याचा मुकादम. लोक मला भडक्या म्हणतात. भट्ट्यांमुळे म्हणतात, असं मी घरी सांगतो. बायको म्हणते, भट्ट्यांचा काय संबंध?

तर झालं काय, मुख्यालयातून हुकूम सुटला. जुन्या विनाशिकांपैकी जी मोजलेल्या मैलावर तीस नॉट वेग काढेल ती आणखी तीन वर्षं ठेवायची, जी काढणार नाही ती भंगारात. मोजलेला मैल म्हणजे किनाऱ्यावर खांबांच्या दोन जोड्या, आणि त्यांच्यामधलं अंतर पक्कं मैलभर. एकदा प्रवाहाबरोबर धावायचं, एकदा प्रवाहाविरुद्ध, आणि दोन्हींची सरासरी धरायची. तीस म्हणजे काय हो! जवानीत तिनं पस्तीस मारलेत. आम्ही गात गात गेलो.

आणि साडेएकोणतीसवर अडकलो. सगळ्या भट्ट्या पेटलेल्या, वाफेचे काटे लाल रेघेला टेकलेले, आणि बया पुढे सरकायला तयार नाही. तपासायला आलेल्या मोठ्या साहेबांनी नुसती मान हलवली. आमच्या कप्तानांनी वाऱ्याचं निमित्त काढून, हुज्जत घालून, पुढच्या आठवड्यात आणखी एक संधी मिळवली. शेवटची.

मग काय, सगळी बोट माझ्याकडे बघायला लागली. इंजिनवाले चीफसाहेब म्हणाले, "मुकादम, वाफ कुठेतरी गळतेय." तोफखान्यावाले म्हणाले, "भडक्या म्हातारा झाला." स्वयंपाकी म्हणाला, "तेल कमी घालतोस काय?" स्वयंपाकी! ज्याच्या भाताला कधी वाफ पुरली नाही तो मला वाफ शिकवतो! मी तीन दिवस बॉयलरांत घुसून प्रत्येक नळी ठोकून बघितली. पंखे बघितले, तेलाचे बर्नर बघितले. बोटीचं बूड तर महिन्यापूर्वीच गोदीत घासून झालं होतं. कुठे म्हणून खोट सापडेना.

आणि सगळ्यांत मोठ्यानं कोण बोंबलत होता? माझा मेहुणा. बायकोचा सख्खा थोरला भाऊ, आणि आमच्या बोटीचा सारंग. डेकवरची सगळी माणसं, दोर, नांगर आणि रंग त्याच्या ताब्यात. रंगाचं तर त्याला वेडच. कुठे ओरखडा दिसला की हा डबा घेऊन हजर. तपासणी आली, द्या एक हात. पाहुणे आले, द्या एक हात. कुणी आलं नाही, तरी वेळ आहे म्हणून द्या एक हात. आमची म्हातारी बंदरात उभी असली की शेजारच्या नव्या बोटी लाजायच्या, हे मात्र मान्य करायला हवं.

रविवारी तो जेवायला घरी आला. हात धुवायच्या आतच सुरू झाला.

"काय जावईबापू, सापडली का गळती?"

"गळती तुझ्या डोक्यात आहे," मी म्हटलं.

"मी डेकवर उभा होतो. धुराड्यातून धूर कसा येत होता, बघितलाय मी. भट्ट्या झोपल्या होत्या तुझ्या."

"तू धूर बघ, दोर बघ, डबे बघ! बॉयलरमधलं तुला काय कळतं रे? उंटावरचा शहाणा!"

माझा आवाज चढला, त्याचा चढला, ताटातली वाटी कलंडली. बायको पळी घेऊन उभी होती. तिनं ती पळी ओट्यावर इतक्या जोरात आपटली की आम्ही दोघंही गप्प.

"भांडा," ती म्हणाली. "खुशाल भांडा. पण ती बोट भंगारात गेली तर माझ्या धाकट्याचं काय उरतं ते सांगा आधी."

धाकटा म्हणजे या दोघांचा सर्वांत लहान भाऊ. तोही आमच्याच बोटीवर होता, धुराड्यामागच्या लहान तोफेवर. लढाईच्या शेवटच्या हिवाळ्यात विमानानं टाकलेला एक बॉम्ब तिथंच फुटला. जे काही उरलं ते आम्ही समुद्राला दिलं. जमिनीवर त्याची कुठेही खूण नाही. आहे ती एवढी बोटच.

"दादा," ती भावाला म्हणाली, "आणि अहो, तुम्हीही ऐका. कुणाची चूक ते मला नको. मला ती बोट हवी." मग तिनं आम्हाला वाढलं. आम्ही मुकाट जेवलो.

एवढं ऐकूनसुद्धा अक्कल आली का? नाव नको! दुसऱ्या दिवशी सकाळी बॉयलरखान्याच्या वरच्या बोळात आम्ही पुन्हा समोरासमोर. तो म्हणाला, "बहिणीसाठी तरी खरं सांग, कुठे चुकतंय तुझं." बस्स! माझं डोकं फिरलं. हातात भला मोठा पाना होता. त्याला तर मारता येत नव्हतं, म्हणून मी तो भिंतीवर हाणला. लोखंडी भिंत, ठण्ण व्हायला हवं. झालं काय, तर धप्प!

आणि भिंतीचा एक तुकडा सुटून सारंगाच्या पायावर पडला.

तो "आई गं!" करून एका पायावर नाचला. मला क्षणभर फार बरं वाटलं. मग मी खाली बघितलं. लोखंड नव्हतं ते. रंग होता. हातात घेतला तर बोटभर जाड, आणि वजन असं की एका हातात पेलवेना. कडेला बघितलं तर थरावर थर, करडा, पांढरा, करडा, गडद करडा, हिरवट, पुन्हा करडा.

आम्ही दोघं त्या तुकड्याकडे बघत राहिलो. मग भिंतीकडे. मग छताकडे. मग त्या लांबच लांब बोळाकडे, त्याच्या दोन्ही बाजूंना, आणि तिथून बाहेर सगळ्या बोटीकडे.

"अरे देवा," सारंग म्हणाला.

काखेत कळसा नि गावाला वळसा! तुकडा आम्ही स्वयंपाकघरात नेला, तराजूवर टाकला, आणि स्वयंपाक्यानं डोळे विस्फारले. चीफसाहेबांनी पेन्सिल काढली, भिंती मोजल्या, डेक धरला, मनोरा धरला. बेरीज करता करता त्यांचा चेहरा उतरत गेला. एवढी वर्षं आम्ही पाठीवर रंगाचीच दुसरी बोट घेऊन फिरत होतो.

"पण ती पाण्यात खाली बसली असती ना!" कप्तान म्हणाले. "दिसलं असतं ना कुणाला! लाल पट्टा पाण्याखाली गेला असता!"

सगळ्यांनी सारंगाकडे बघितलं. बोटीच्या कुशीला पाण्यालगत लाल पट्टा असतो, त्यावरून ती किती बसली ते कळतं. सारंगाचा चेहरा कानापर्यंत लाल झाला. "तो पाण्याखाली गेला की घाण दिसायचा, साहेब," तो म्हणाला. "म्हणून मी दर खेपेला जरा वर घ्यायचो."

"किती वर?"

"जरासाच. दर खेपेला जरासा."

"आणि बाजूचे खोलीचे आकडे? कोरलेले होते ना ते पोलादात?"

"ते भरले रंगानं. स्वच्छ दिसतात आता."

मला वाटलं, आता कप्तान फुटणार. फुटलेच, पण हसून. इतके हसले की टोपी काढून डोळे पुसले. मग एकदम ताठ झाले. "तीन दिवस आहेत. सगळी माणसं, सगळे अधिकारी, मी धरून. हातोड्या वाटा. आणि ज्यानं ज्यानं बोटीवर काही लपवून ठेवलंय, ते आज संध्याकाळपर्यंत धक्क्यावर दिसलं पाहिजे. विचारणार कुणी नाही."

अहो, काय निघालं म्हणून सांगू! बोटीवरच्या प्रत्येकाला एकच रोग, पुढे लागेल म्हणून साठवायचं. तोफखान्याकडून तोफांच्या दोन जादा नळ्या. स्वयंपाक्याकडून एक आख्खी चूल. वायरलेसवाल्यांकडून तांब्याच्या तारांची भेंडोळी, जी कोणत्या बोटीवरून आणली ते त्यांनाच ठाऊक. मी बघून बघून हसत होतो, तेवढ्यात चीफसाहेब म्हणाले, "मुकादम, बॉयलरखान्यातल्या फरशीखाली काय आहे?" आता भट्टीच्या विटा कधीही लागू शकतात, ही गोष्ट वेगळी. त्या वर काढताना सारंग शिडीच्या तोंडाशी उभा राहून मोठमोठ्यानं मोजत होता. मी त्याला काय म्हटलं ते इथे सांगण्यासारखं नाही.

आणि मग ती ठोकाठोक! टोकापासून टोकापर्यंत हातोड्या. बोलणं ऐकू येईना, खुणा करायच्या. धूळ नाकात, धूळ चहात. कप्तान मनोऱ्याला लटकलेले, त्यांच्या भुवया करड्या झालेल्या. रंगाच्या लाद्या सुटून पडायच्या आणि लोक आरोळ्या ठोकायचे. अंगात कसला जोर आला होता देव जाणे, जेवायला हाक मारली तरी कुणी हलेना.

सारंग मात्र प्रत्येक लादी उचलून कडेला बघायचा. "हा करडा भूकंपाच्या वर्षीचा," तो ओरडायचा. "बेटावरची पोरं गोण्यांवर बसून बघत होती मी रंगवताना. हा पांढरा? त्या उन्हाळी गस्तीचा. डेकवर अनवाणी पाय ठेवता येत नव्हता! हा बघ, हा हलका, नव्या भरतीला सराव म्हणून द्यायला लावला होता, सगळा ओघळलाय, गाढवं लेकाची!" मी म्हणायचो, "अरे फेक ना!" पण खरं सांगतो, दुसऱ्या दिवशी मीच लादी उचलून त्याला विचारायला लागलो, हा कुठला रे? तो गडद हिरवट लागला तेव्हा दोघांनाही विचारावं लागलं नाही. तो लढाईचा.

तिसऱ्या दिवशी दुपारी सगळी बोट झाली. एक भिंत सोडून. धुराड्यामागच्या लहान तोफेजवळची. माझ्या बॉयलरच्या बरोब्बर वर. तिथं कुणी हातोडी मारलेली नव्हती आणि तिथं सारंग एकटा उभा होता.

"ही राहू दे," तो म्हणाला.

मी नखानं कड उचकटून बघितली. बोटीवर कुठे नव्हता इतका रंग होता तिथं. चार बोटं. मला एकदम उमगलं. रंगाचं वेड, डबे, एक हात, आणखी एक हात. हा माणूस इतकी वर्षं सगळी बोट रंगवत होता ते या एका भिंतीसाठी.

"काळी झाली होती," तो म्हणाला. "जळून. मला बघवेना. पहिल्यांदा रंगवली, तर दोन दिवसांनी मला वाटलं, खालचं दिसतंय. पुन्हा रंगवली. पुन्हा वाटलं." त्यानं त्या कडेवरून अंगठा फिरवला. "अजून वाटतं रे."

मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. उभ्या जन्मात पहिल्यांदा.

"एका भिंतीनं काय फरक पडणार आहे," मी म्हटलं. "राहू दे, म्हणतोस तर राहू दे."

त्यानं नाक पुसलं. हातोडी उलटी धरून दांडा माझ्यापुढे केला. "फरक पडला तर? उद्या कणभरानं राहिलो तर बहिणीला काय तोंड दाखवू? तू मार. माझ्यानं होत नाही."

मी मारली. तो तोंड फिरवून उभा राहिला, पण गेला नाही. शेवटची लादी पडली तेव्हा खालचं पोलाद दिसलं. आगीनं निळं-काळं पडलेलं, एका जागी आत गेलेलं. बस, एवढंच. सारंग वळला आणि बराच वेळ त्याकडे बघत राहिला. "मला वाटलं होतं, याहून भयंकर असेल," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी निघालो. म्हातारीचा अवतार काय सांगावा! अंगभर ओरखडे, ठिगळं, गंजाचे डाग. धक्क्यावरच्या नव्या बोटींवरचे लोक हसत होते. मोठे साहेब चढले ते नाकाला रुमाल लावून. पण लाल पट्टा मात्र पाण्याबाहेर चांगलाच वर आला होता, आणि बंदराच्या तोंडाशीच मला पायाखाली कळलं. लाट आली की म्हातारी पूर्वी तिच्यात घुसायची. आता ती लाटेवर चढत होती.

"बॉयलरखाना!" वरून खाली बोलायच्या नळीतून कप्तानांचा आवाज. "आहे नाही ते सगळं द्या!"

दिलं! सगळे बर्नर खुले, पंखे किंचाळायला लागले, भट्ट्यांच्या तोंडाशी पांढरा जाळ. काटे चढले, फरशी थरथरायला लागली, माझ्या माणसांचे दात वाजायला लागले. पहिली फेरी प्रवाहाबरोबर. आम्हाला खाली काय दिसणार? आम्ही नळीकडे कान लावून. आणि मग नळीतून सारंग बेंबीच्या देठापासून ओरडला, "साडेएकतीस! अरे भडक्या, साडेएकतीस!"

खाली जो गोंधळ झाला! पण मी सगळ्यांना झापलं. प्रवाहाविरुद्धची फेरी अजून बाकी होती, आणि खरी तीच.

वळलो. पाणी समोरून आलं तसा तिच्या सगळ्या अंगाला हिसका बसला. काटे लाल रेघेवर, आणि अर्ध्या मैलावर एक नंबरच्या बॉयलरचा एक बर्नर गुदमरला. जाळ पिवळा पडला, काटा थरथरत उतरायला लागला. नियम असा की आधी वेग उतरवायचा, मग बर्नर काढायचा. नियम गेला चुलीत! मी तेल बंद केलं, चिमट्यानं तो लालभडक बर्नर ओढून काढला, दुसरा बसवला. हातमोज्याला आग लागली, कुणीतरी बादली ओतली, कुणाच्या अंगावर ते विचारू नका. झडप उघडली. धडाड! जाळ पुन्हा पांढरा.

"चढ," मी काट्याला म्हणत होतो. "चढ गं बाई. चढ माझे आई."

चढला. नळीत मात्र शांतता. किती वेळ, काय माहीत. मग सारंगाचाच आवाज, पण बारीक, फाटलेला. "एकोणतीसला जरासा कमी," तो म्हणाला. मी त्या बर्नरला शिवी घातली. मग तो म्हणाला, "अरे सरासरी काढ ना, मूर्खा! तीसच्या वर! तीसच्या वर आहोत आपण! मोठे साहेब स्वतः म्हणतायत, राहिली! आपली बोट राहिली!"

मी फरशीवर बसलो आणि लहान पोरासारखा रडलो. माझी माणसं बघत होती. बघू दे!

धक्क्यावर सगळ्यांच्या घरची माणसं आली होती. टोप्या उडत होत्या, भोंगे वाजत होते, मघाशी हसणाऱ्या नव्या बोटीसुद्धा भोंगे देत होत्या. बायको शिडीवरून वर आली ती थेट आमच्यापुढे. सारंग घाईघाईनं म्हणाला, "तू आत्ता नको बघूस, अजून रंग दिला नाही, कसंतरीच दिसतंय."

"कुठे?" तिनं एवढंच विचारलं.

तो तिला घेऊन गेला. मी मागोमाग. त्या भिंतीपुढे ती उभी राहिली. तिनं पोलादावर, त्या आत गेलेल्या जागी, हात ठेवला आणि एकदम मागे वळून आमच्याकडे बघितलं.

"दादा," ती म्हणाली, "गरम आहे रे."

मी सांगितलं, खाली एक नंबरचा बॉयलर आहे, आत्ताच धावून आलाय, म्हणून गरम. तिनं ऐकलं की नाही कोण जाणे. दोन्ही तळवे भिंतीला लावले, मग गाल लावला.

"अहो," ती डोळे मिटूनच म्हणाली, "लगेच विझवू नका."

मी खाली पळालो. माणसं झडपा बंद करायच्या तयारीत होती. मी ओरडलो, एक नंबरला हात लावाल तर याद राखा. थोड्या वेळानं नळीतून चीफसाहेब गरजले, बोट धक्क्याला लागली, एक नंबर अजून का जळतोय, तेल काय तुझ्या बापाचं आहे? मी म्हटलं, होय साहेब, आजच्या दिवस आहे.